दुसरी चावी कुठे आहे? : आमची वाटचाल

गाडी दुकानात आली की बॉनेट उघडण्याआधी मी काउंटरवरून दोन गोष्टी मागते. दुसरी चावी आणि विम्याची पॉलिसी. नवीन गिऱ्हाईक चमकतं. ते आलेलं असतं अलार्म बसवायला. पण हा प्रश्न आमच्याकडे एका गाडीमुळे आला, आणि त्या गाडीच्या बाबतीत चूक आमचीही होती.

दादाने 2001 साली ठाण्यात वागळे इस्टेटला दुकान टाकलं. एमआयडीसीची ही पहिली वसाहत. बाबा इथल्याच एका कारखान्यात होते, तो बंद पडला. व्हीआरएसचे पैसे हातात आले, त्यातून दहा बाय बाराचा गाळा आणि पहिला माल. दादाने आयटीआय केलं होतं आणि तीन वर्षं एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हाताखाली काढली होती. मी बी.कॉम.ला होते, संध्याकाळी बिलं लिहायला बसायचे.

तेव्हा रस्त्यावर मारुती 800, ओम्नी, सँट्रो, इंडिका. 800 चा दरवाजा काचेच्या रबरातून स्टीलची फुटपट्टी सारून उघडता यायचा, आणि इग्निशनच्या वायरी जोडल्या की गाडी चालू. म्हणून लोक अलार्म बसवून घ्यायचे. सायरन, शॉक सेन्सर, सेंट्रल लॉकिंग, दोन रिमोट. दिवसाला दोन-दोन गाड्या व्हायच्या. धंदा चांगला होता आणि आम्हाला वाटायचं, आपण लोकांच्या गाड्या राखतोय.

नौपाड्यात राहणारे एक शिक्षक होते, आम्ही त्यांना सरच म्हणायचो. त्यांची सँट्रो इमारतीबाहेर रस्त्यावर उभी असायची. ट्रक गेला की अलार्म, मांजर बॉनेटवर बसलं की अलार्म. दादाने सेन्सर दोनदा कमी करून दिला. 2006 च्या दिवाळीत फटाक्यांनी रात्रभर सायरन वाजला, शेजारी भांडायला आले. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, सध्या बंदच करून टाक बाबा. दादाने सायरनचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढून ठेवला, दिवाळी झाली की जोडू म्हणाला. दिवाळी झाली. ते राहूनच गेलं. फेब्रुवारीत गाडी गेली.

सर दुकानात चालत आले होते. आम्हाला एक शब्द बोलले नाहीत, पाणी प्यायले आणि विचारलं, आता पुढे काय करायचं? आम्हाला सांगता येईना. सहा वर्षं चोरीपासून बचावाचा माल विकत होतो आणि चोरी झाल्यावर काय करतात ते आम्हाला माहीत नव्हतं. याची लाज मला अजून वाटते.

मग मीच त्यांच्याबरोबर फिरले. एफआयआर त्याच दिवशी झाला होता. विमा कंपनीने दोन्ही चाव्या मागितल्या. सरांकडे एकच होती. दुसरी दोन वर्षांपूर्वी गावी हरवली होती, आणि त्याची नोंद त्यांनी कुठेच केली नव्हती. कंपनीच्या माणसाला शंका आली, की चावी गाडीतच राहिली असेल किंवा कोणाला दिली असेल. तीन-तीनदा जबाब झाले. शिवाय गाडी सापडत नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो, आपल्याकडे त्याला ‘ए समरी’ म्हणतात, आणि तो न्यायालयातून मंजूर होऊन यावा लागतो. त्याला महिने गेले. तोवर कर्जाचा हप्ता चालूच. शेवटी पैसे आले ते आधी बँकेकडे गेले. रक्कमही सरांच्या अंदाजापेक्षा बरीच कमी, कारण चोरीत मिळते ती आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची घसारा वजा किंमत. चार वर्षं ओलांडलेल्या गाडीची आयडीव्ही नव्या किमतीच्या निम्मी धरतात. त्यातून पुन्हा ठरावीक रक्कम वजा होते.

तेव्हापासून दुकानात दोन वह्या आहेत. एकीत दादाचं काम, दुसरीत माझं.

दादाच्या कामाबद्दल आधी सांगते. सरांच्या गाडीनंतर तो इमोबिलायझरकडे वळला. सायरन फक्त ओरडतो, ऐकणारं कोणी असेल तरच त्याचा उपयोग. इमोबिलायझर इंजिनच चालू होऊ देत नाही. चावीच्या डोक्यात एक चिप असते, तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीच्या रिंगमधून तिला पुरेशी ऊर्जा मिळते, ती आपला कोड सांगते, आणि कोड जुळला तरच ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजिन चालू होऊ देतो. रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून साधी चावी करून आणलेली माणसं आमच्याकडे यायची. दरवाजा उघडतो, चावी फिरते, पण इंजिन धरत नाही. ज्या जुन्या गाड्यांत हे नव्हतं त्यांना दादा फ्युएल पंपावर छुपा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवायचा. एक नियम त्याने कधी मोडला नाही. चालत्या गाडीचं इंजिन तोडणारं काहीही बसवायचं नाही. हायवेवर इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेक दगडासारखा होतो, आणि आत चोरच असेल असं थोडंच आहे? दुसरा नियम, कंपनीची वायरिंग कापायची नाही, कपलरवरच जोडायचं. वेळ दुप्पट लागतो, त्यामुळे आम्ही महाग पडतो. ते आम्ही मान्य करतो.

पुढे आम्ही चावी प्रोग्राम करायचं मशीन घेतलं. दुकानासाठी ती मोठी उडी होती आणि मोठी काळजीही. कारण स्टिअरिंगखालच्या ज्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायची जागा) आम्ही मशीन लावतो, त्याच सॉकेटला चोरही लावतो आणि काही मिनिटांत नवी चावी गाडीला शिकवतो. मशीन घेतल्याच्या वर्षीच रात्री शटर ओढताना एक मुलगा आला. बोलायला अगदी गोड. मामाची स्कॉर्पिओ आहे, चावी हरवली, दोन मिनिटांचं काम, पैसे म्हणाल तेवढे. आरसी मागितली तर म्हणाला, उद्या दाखवतो. दादाने हात जोडले. आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि मालक स्वतः, यातलं एक जरी नसलं तरी आम्ही चावी करत नाही. ओळखीच्या माणसालाही नाही. यावरून नातेवाईक दुखावले आहेत. ओबीडीला लावायचं लोखंडी झाकण मिळतं, किंमत फार नाही, आणि ते मी प्रत्येकाला घ्यायला सांगते.

मधल्या काळात ईको गाड्यांच्या सायलेन्सरची चोरी सुरू झाली. रात्री गाडीखाली शिरून सायलेन्सर कापून न्यायचे, कारण त्यातल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मातीत, म्हणजे आतल्या भुकटीत, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. किसननगरचे एक शाळेच्या व्हॅनवाले काका सकाळी गाडी चालू करतात तर ट्रॅक्टरसारखा आवाज. मुलांना शाळेत कसं सोडायचं, हेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. दादाने फॅब्रिकेटरकडून लोखंडी पट्ट्यांची जाळी करून घेतली, नटांची डोकी वेल्ड केली. त्या पावसाळ्यात आम्ही अलार्मपेक्षा जाळ्याच जास्त बसवल्या.

आता माझी वही. 2017 मध्ये पंधरा तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन मी विम्याची पीओएसपी, म्हणजे विमा विकणारी प्रतिनिधी, झाले. विकण्यापेक्षा मला लोकांचे कागद वाचायचे होते. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा, कायद्याने सक्तीचा आहे, पण चोरीला त्यातून एक रुपया मिळत नाही. हे अजूनही निम्म्या लोकांना मी पहिल्यांदा सांगते. सप्टेंबर 2018 पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागायला लागला, आणि गोंधळ वाढला. एकाच कागदावर दोन तारखा. थर्ड पार्टी तीन वर्षं, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा आणि चोरीचा भाग बहुतेक वेळा एकच वर्ष. लोक मोठी तारीख बघतात आणि निश्चिंत राहतात. घोडबंदर रोडवरच्या एका ताईंची गाडी दुसऱ्या वर्षी गेली. माझ्यासमोर त्यांनी पॉलिसी उघडली, 2021 वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, बघा, चालू आहे ना? मला ती दुसरी तारीख त्यांना दाखवावी लागली. आमच्या गिऱ्हाईक नव्हत्या त्या, कोणीतरी सांगितलं म्हणून आल्या होत्या. एक वर्ष आधी आल्या असत्या तर पाच मिनिटांचं काम होतं.

एआरएआयची (वाहनांची चाचणी करणारी पुण्याची संस्था) मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं की प्रीमियममध्ये सवलत असते. विम्याच्या जुन्या टॅरिफपासूनची, म्हणजे ठरावीक दरपत्रकापासूनची, ही सवलत म्हणजे स्वतःच्या नुकसानीच्या भागावर अडीच टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये. तेवढ्यासाठी कोणी उपकरण बसवू नये. पण सर्टिफिकेट जपून ठेवा, क्लेमच्या वेळी ते हातात असलेलं बरं. चावी हरवली तर पोलिसांत नोंद करून विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. गाडी गेलीच तर 112, त्याच दिवशी एफआयआर, आणि विमा कंपनीलाही त्याच दिवशी. एफआयआर वेळेत झाला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल आहे. तरीही उशीर करू नका.

सर आता निवृत्त आहेत. त्यांच्या मुलीने घेतलेली गाडी आमच्याकडेच येते. सध्या दादा कीलेस गाड्यांच्या मागे आहे. घरात ठेवलेल्या चावीचा सिग्नल दुसऱ्या यंत्राने गाडीपर्यंत लांबवून दरवाजा उघडतात, त्यावर सिग्नल अडवणारी पाकिटं आम्ही ठेवतो. विकण्याआधी चावी पाकिटात घालून गाडी उघडते का ते गिऱ्हाइकासमोर बघतो. दोन कंपन्यांची पाकिटं या परीक्षेत नापास झाली, ती परत पाठवली.

रविवारी बंद असतं. शनिवारी गर्दी असते, तेव्हा मधल्या वारी सकाळी या. दोन्ही चाव्या आणा.