रामबागेतला सर्व्हर, नोंद ४: लाईट आली, टनेल काही येईना

आता आमच्या घरगुती सोशल मीडियाच्या सर्व्हरवर ११ जण आहेत, त्यातले ९ घरचेच. यंत्र तेच, २ जीबीचा रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता 'पाय'), देवघराशेजारच्या फडताळात. मॅस्टोडॉन या असल्या सर्व्हरच्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरचा पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक असा गोतावळा एवढ्याशा यंत्रावर पोसणं माझ्याच्यानं झालं नसतं, म्हणून गोटूसोशल हे हलकं सॉफ्टवेअर: एक फाइल आणि शेजारी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस. त्याला ब्राउझरमधली स्वतःची टाइमलाइन नाही, तेव्हा सगळ्यांच्या फोनवर टस्की हे ॲप टाकून दिलं. आत्याला ५००० अक्षरांची मर्यादा भारी आवडली. पुरणपोळीची अख्खी कृती एका पोस्टमध्ये बसते, तिनं बसवलीसुद्धा.

घरचं कनेक्शन सीजीनॅटच्या मागे (एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला), म्हणजे बाहेरून आत यायला दारच नाही. उपाय नेहमीचाच: स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर), त्यावर आलेली रहदारी पुढे धाडणारा एनजिनएक्स, तिथून घरापर्यंत वायरगार्डचं टनेल, म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेली बंदिस्त खासगी वाट. दोन संध्याकाळी गेल्या, झालं.

खरा घोळ पावसाळ्यात सुरू झाला. लाईट जायची, यायची, राउटर उठायचा, पायही उठायचा, सर्व्हर मात्र बंदच. मग कधी १० मिनिटांनी, कधी ३५ मिनिटांनी आपोआप चालू! आत्याचा फोन ठरलेला. "अरे, टीव्ही लागला, पंखा लागला, तुझंच का लागत नाही रे?" मी दरवेळी पाय रीस्टार्ट करायचो आणि तो पुन्हा अडायचा. काही न करता सोडून दिला, तर बरा व्हायचा. असला आजार सगळ्यात वाईट, कारण तपासायला बसेपर्यंत रोगी हिंडायला लागलेला असतो.

एकदा लाईट येताच लॅपटॉप घेऊन फडताळासमोर मांडीच घातली. वायरगार्डचं हँडशेक, म्हणजे टनेल उघडताना दोन टोकांनी एकमेकांना ओळख पटवणं, शून्य. सहज 'डेट' टाइप केलं, तर पायचं घड्याळ ४० मिनिटं मागे.

पाय ४ ला बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं (पाय ५ मध्ये ती सोय दिली आहे). माझ्याकडे अजून बुल्सआय, म्हणजे पायच्या ऑपरेटिंग सिस्टमची जुनी आवृत्ती आहे. त्यात फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा प्रोग्राम अधूनमधून वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि बूट होताना तीच जुनी वेळ उचलतो. इकडे वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो. आधी आलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का दिसला, की कुणीतरी जुनं पाकीट पुन्हा पाठवतंय असं समजून पलीकडचा ते टाकून देतो. त्याचं बरोबरच आहे.

मग एनटीपीनं (इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेनं) घड्याळ का लावलं नाही? इथे शहाणपणा माझा. घरचा आयपी बाहेर दिसू नये म्हणून मी वायरगार्डच्या अलाउड-आयपीज सेटिंगमध्ये ०.०.०.०/० (म्हणजे सगळे पत्ते) लिहून सगळी रहदारी टनेलमध्ये कोंबली होती, एनटीपीसकट. घड्याळ चुकलेलं म्हणून टनेल नाही, टनेल नाही म्हणून घड्याळ नाही. पायचं मागे पडलेलं घड्याळ रांगत रांगत शेवटच्या शिक्क्यापुढे गेलं, की गाठ सुटायची. १० ते ३५ मिनिटांचं कोडं एवढंच होतं.

एनटीपीला टनेलबाहेरून वाट दिली असती तरी भागलं असतं, पण मला घड्याळच हवं होतं. डीएस३२३१ या आरटीसी (बॅटरीवरच्या घड्याळाच्या) मॉड्यूलसाठी जेल रोडवर विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "आरटीसी? आरटीओ का?" शेवटी ऑनलाइन मागवलं. एक सांभाळा: निळ्या मॉड्यूलमध्ये बहुधा चार्जिंगचं सर्किट असतं आणि सीआर२०३२ सेल चार्ज करायचा नसतो. म्हणून मी ५ ऐवजी ३.३ व्होल्टच्या पिनेला जोडलं. कॉन्फिगमध्ये आय२सी-आरटीसीची एक ओळ, फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकला, आणि एचडब्ल्यूक्लॉक-सेट स्क्रिप्टमधल्या, सिस्टमडी (यंत्रातल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) दिसताच लवकर बाहेर पडणाऱ्या, तीन ओळी कॉमेंट करून बंद केल्या. त्या राहिल्या तर घड्याळ असूनही वाचलं जात नाही. माझा एक रविवार त्यातच गेला.

काल मुद्दाम प्लग काढला, अर्धा तास थांबलो, पुन्हा लावला. पाय उठला आणि मिनिटाच्या आत हँडशेक. आता पायचं मेमरी कार्ड भरत चाललंय. बाहेरच्या सर्व्हरवरून आलेला मीडिया (फोटो, व्हिडिओ) ७ दिवस साठवायची मूळ सेटिंग ३ वर आणली आहे, पण एसएसडी घ्यावीच लागेल असं दिसतंय.