रुगर चार्जर अपडेट: मोठी मॅगझिन्स, नवा ट्रिगर आणि रिमची कटकट

तर मंडळी, माझ्या रुगर चार्जर पिस्तुलाचं काम बऱ्यापैकी पुढे सरकलंय. पंधरा राउंडची (काडतुसांची), पंचवीस राउंडची मॅगझिन्स, म्हणजे काडतुसं भरायचे डबे, जमवून आलटून पालटून चालवून झाली, ट्रिगर बदलला, दोन-तीन बारके पार्ट टाकले, आणि आता एवढं नक्की म्हणतो की पॉइंट टू टू (.२२ बोअरची बारीक काडतुसं) मध्ये "किती राउंड बसतात" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. का ते लिहितो, थोडं लांबेल.

नवीन लोकांसाठी पटकन. रुगरची १०/२२ रायफल १९६४ पासून चालू आहे, आणि चार्जर म्हणजे त्याच रायफलचा रिसीव्हर (मधला मुख्य सांगाडा) घेऊन १० इंची, टोकाला आटे असलेली थ्रेडेड बॅरल, पिस्तूल ग्रिप, मागे खांद्याला लावायचा दांडाच नाही असं कागदोपत्री पिस्तूल. मधे बंद होतं ते २०१४ च्या शेवटी परत आणलं, सोबत बाय-पॉड (पुढचा दोन पायांचा स्टँड) आणि १५ राउंडचं बीएक्स-१५ मॅगझिन. वजन तीन पौंडाच्या वर, त्यामुळे एका हाताने स्टाइल मारायची वस्तू नाही ही, बेंचवर बाय-पॉड टेकवून निवांत स्टीलच्या पाट्या वाजवायला एकदम झकास. आणि मुख्य फायदा हा की १०/२२ चे मॅगझिन, ट्रिगर, बोल्टचे (मागेपुढे सरकून काडतूस बॅरलमध्ये ढकलणाऱ्या भागाचे) पार्ट याला थेट बसतात, म्हणजे साठ वर्षांचा बाजार आयता आपल्या पुढ्यात.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. मी टेक्सासमध्ये आहे, इथे मॅगझिनला राउंडची मर्यादा नाही. न्यू जर्सीत १०, कॅलिफोर्नियात १०, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १०, कोलोरॅडोत १५, वॉशिंग्टन राज्यात जुलै २०२२ पासून १० च्या वरचं विकायलाच बंदी. न्यू जर्सीतल्या एडिसनचा आमचा मित्र सुट्टीत इकडे येतो, पंचवीस राउंडचं बीएक्स-२५ मॅगझिन हातात घेऊन उसासे टाकतो आणि रिकाम्या हाताने परत जातो, तेच बरोबर आहे. गाडीच्या डिकीत मॅगझिन विसरून राज्याची हद्द ओलांडू नका. दुसरं म्हणजे चार्जरला मागे खांद्याचा स्टॉक लावला की १६ इंचाच्या आतली बॅरल असल्यामुळे ती शॉर्ट बॅरल रायफल होते, म्हणजे आधी एटीएफकडे (बंदुकांचे नियम बघणारं फेडरल खातं) रजिस्ट्रेशन आणि मग स्टॉक, उलट क्रम चालत नाही. ब्रेसवरचा (पिस्तुलाच्या मागे लावायचा हाताचा आधार) एटीएफचा २०२३ चा नियम २०२४ मध्ये इथल्याच फेडरल कोर्टाने रद्द केला, पण मी ब्रेस लावलेला नाही, बेंचवर त्याचा मला उपयोग नाही. आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, एच-१बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर हंटिंग लायसन्स वगैरे ठराविक अपवाद सोडून पिस्तूल सोडा, काडतुसंसुद्धा जवळ ठेवता येत नाहीत, फेडरल कायदा आहे. ग्रीन कार्ड येईपर्यंत घाई करू नका, शंका असेल तर वकिलाला विचारा, रेंजवरच्या एक्सपर्ट काकांना नको.

आता रिम. पॉइंट टू टूच्या काडतुसाची नळी साधारण ५.७ मिलिमीटर जाड आणि बुडाची रिम (कडा) ७.१, म्हणजे बूड रुंद आणि अंग बारीक. अशी काडतुसं एकावर एक रचत गेलं की बुडाकडची बाजू उंच होत जाते आणि टोकं खाली झुकत जातात, म्हणून मोठी मॅगझिन्स केळ्यासारखी वाकडी असतात, ती काय दिसायला भारी म्हणून नाही. आणि रचताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिममागे जाऊन बसली की झालं, बोल्ट वरच्याला पुढे ढकलतो, ते खालच्यात अडकतं, अर्धवट तिरकं होऊन फसतं. यालाच रिमलॉक म्हणतात.

रुगरचं मूळ दहाचं मॅगझिन, आता त्याला बीएक्स-१ म्हणतात, ते रोटरी आहे. आत एक चकती फिरते आणि प्रत्येक काडतुसाला स्वतःचा वेगळा खण. एकाची रिम दुसऱ्याला लागतच नाही, त्यामुळे रिमलॉकचा विषयच संपला. साठ वर्षं झाली तरी ह्या डब्याला तोड नाही आणि हे मी पंचवीसच्या मॅगझिन्सवर पैसे घालून मग लिहितोय.

बीएक्स-२५ रुगरचंच, २०११ ला आलं, फीड लिप्स (वरच्या तोंडाशी काडतूस धरणाऱ्या कडा) स्टीलचे, आत कॉन्स्टंट फोर्स स्प्रिंग. साध्या स्प्रिंगचा प्रॉब्लेम असा की मॅगझिन भरलेलं असताना ती फार ताणात आणि शेवटच्या राउंडांना ढिली, आणि १०/२२ चा बोल्ट मागे जाऊन परत येतो तो इतका पटकन की खालचा राउंड वर यायच्या आत बोल्ट त्याच्यावरून निघून जातो, मग आपण ट्रिगर दाबला की नुसतं टिक. कॉन्स्टंट फोर्स स्प्रिंगमध्ये जोर पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळपास सारखा, म्हणून हे चालतं. माझ्याकडे बीएक्स-२५ व्यवस्थित चाललं, अधूनमधून एखादा राउंड नाक मुरडतो पण तो बहुतेक वेळा काडतुसाचाच दोष.

बाहेरच्या कंपन्यांची दोन प्रकारची पंचवीसची घेतली, नावं सांगत नाही कारण पुढच्या लॉटमध्ये वेगळा माल निघू शकतो. एक पूर्ण प्लॅस्टिकचं, पारदर्शक, दिसायला फार सुंदर, आतली काडतुसं रांगेत दिसतात. पण ते मॅगझिन बसायच्या खाचेत (मॅगझिन वेलमध्ये) पुढेमागे हलतं आणि लॅच बसल्यावरही किंचित खाली लोंबतं. किंचित म्हणजे नखाच्या जाडीएवढं, पण तेवढं पुरतं, बोल्टचं तोंड रिमला धरण्याऐवजी तिच्यावरून घसरतं. हाताने वर दाबून धरलं की छान चालतं, सोडलं की परत तेच, म्हणजे दोष स्प्रिंगचा नाही, उंचीचा आहे हे कळलं. मॅगझिन हाताने दाबून धरून चालवायची सवय लावून घ्यायची नाही, ते मॅगझिन ड्रॉवरमध्ये गेलं. दुसऱ्या प्रकाराला स्टीलचे लिप्स, बसतं घट्ट, पण स्प्रिंग साधी. ते पूर्ण पंचवीस भरलं की पहिले दोन-चार रखडतात, वीसच भरलं की गुपचूप चालतं. मग वीसचंच मॅगझिन समजून वापरतो, काय बिघडलं.

प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला पांढऱ्या पेंट मार्करने नंबर घाला. हे न करता मॅगझिन्सची तुलना करणं म्हणजे निव्वळ टाइमपास आहे, कारण बहुतेक सगळी काळी, सारखीच, आणि कोणतं अडकलं होतं ते घरी येईपर्यंत लक्षात राहत नाही. वहीत मॅगझिनचा नंबर, काडतुसाचा ब्रँड आणि कितव्या राउंडला अडकलं एवढंच लिहायचं. पहिल्या दोन-तीनात अडकत असेल तर फार ताण, शेवटच्यांना अडकत असेल तर स्प्रिंग ढिली, कुठेही मधेच अडकत असेल तर रिमलॉक किंवा काडतूस. पॅटर्न लगेच दिसतो.

बेंचवाल्यांसाठी अजून एक गोष्ट जी पॅकेटवर कुठे लिहिलेली नसते. बाय-पॉडचे पाय आखूड ठेवले की बीएक्स-२५ टेबलाला टेकतं, आणि एकदा टेकलं की पिस्तुलाचं वजन त्याच्यावर येतं, ते वर ढकललं जातं आणि फीड बिघडतं, शिवाय नेमही हलतो. पाय उंच केले की आपली मान उंच करावी लागते आणि बसायचं सगळं गणित बदलतं. बीएक्स-१५ टेकत नाही. चार्जरसोबत रुगर पंधराचंच देतं त्यामागे हे कारण असावं असा माझा अंदाज, आणि बेंचवर रोज वापरायला मलाही तेच पटलंय.

काडतुसांचं. ४० ग्रेन वजनाच्या गोळीचं सीसीआय मिनी-मॅग, डब्यावर सेकंदाला १२३५ फूट, सगळ्या मॅगझिन्समध्ये सगळ्यात कमी कटकट. गोळीवर तांब्याचा मुलामा असल्यामुळे टोक चेंबरच्या (बॅरलमध्ये काडतूस बसायच्या जागेच्या) कडेला घासलं तरी सोलत नाही. स्टँडर्ड व्हेलॉसिटी, १०७० फूटवालं, कागदावर गट (भोकं जवळजवळ पडणं) छान बांधतं, पण नुसत्या शिशाची मेणचट गोळी, मोठ्या मॅगझिनमध्ये धूळ आणि मेण मिळून चिकटा तयार होतो. मोठ्या डब्यातली स्वस्त बल्क काडतुसं ही लॉटरी. रिमफायरमध्ये बार पेटवणारा मसाला रिमच्या आत गोल फिरवून बसवलेला असतो, तो एखाद्या जागी पोचला नसला आणि पिन नेमकी तिथेच बसली की फुसका. फुसका निघाला तर बॅरल टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, लगेच बोल्ट ओढायचा नाही. आणि नाक वाकलेलं काडतूस परत मॅगझिनमध्ये भरायचं नाही, चार आण्याच्या मालासाठी दिवस खराब होतो.

मॅगझिनला आतून तेल नको. तेलात न जळलेली पावडर बसते आणि त्याचा चिखल होतो, मी कोरड्या फडक्याने पुसून ग्रॅफाइटची पूड नावापुरती लावतो. भरताना घाई नको, भरून झालं की मागची बाजू तळहातावर हलकेच आपटायची, म्हणजे सगळी बुडं मागे सरकून ओळीत येतात. आणि घरी आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पोराला उचलायचं नाही, शिसं आहे ते.

आता अपग्रेड्स, यावर फार वेळ घालवत नाही कारण एकच खरं महत्त्वाचं आहे आणि तो म्हणजे ट्रिगर. कारखान्याचा सहा पौंडाच्या आसपास, दाबता दाबता डॉट (नेम धरायचा लाल ठिपका) पाटीवरून उतरून जायचा. रुगरचाच बीएक्स-ट्रिगर टाकला, अडीच ते तीन पौंडाचा, दोन पिना काढल्या की अख्खं युनिट बाहेर, नवीन आत. बसवल्यावर आधी रिकाम्या पिस्तुलावर सेफ्टी तपासली, मग पहिल्यांदा दोनच राउंड भरून चालवलं, हे कोणीही टाळू नये. २५ यार्डावर गट जवळजवळ निम्म्यावर आला आणि यात मॅगझिनचा काही संबंध नाही हे लक्षात घ्या.

बाकी पार्ट झटपट. मागची स्टीलची बोल्ट स्टॉप पिन काढून पॉलिमरची टाकली, बोल्ट मागे आपटल्याचा खणखणाट गेला, नेमावर परिणाम शून्य, पण कानाला बरं वाटतं. ऑटो बोल्ट रिलीजची पट्टी टाका, मूळ पट्टीवर बोल्ट सोडायला एका हाताने बटण आणि दुसऱ्याने हँडल अशी कसरत असते ती संपते. धारदार एक्स्ट्रॅक्टर (गोळी सुटल्यावर काडतुसाची रिकामी नळी बाहेर ओढणारा आकडा) टाकल्यापासून रिकामी केस अर्धवट उभी अडकायची ती जवळपास बंद झाली, फार स्वस्त पार्ट आहे, ट्रिगरनंतर दुसरा नंबर ह्याचा. रेड डॉट वरच्या रेलवर थेट बसतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता जास्त राउंडांची गरज नक्की कोणाला, यावर बरंच डोकं चालवलं. १९८१ ला कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या स्टील चॅलेंज नावाच्या नेमबाजी स्पर्धेचं बघा, एका स्टेजला पाच पाट्या, बहुतेक स्टेजना पाच फेऱ्या, सगळ्यात हळू फेरी वगळून चार धरतात. पाच पाट्यांना दहा राउंड म्हणजे पाच चुका माफ, आणि पाच चुकल्यावर ती फेरी तशीही गेलीच. म्हणून तिथले अनुभवी लोक मोठं मॅगझिन शोधत बसत नाहीत, कमीत कमी पाच मॅगझिन्स भरून नेतात आणि दर फेरीला ताजं लावतात. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं, तेही पॉइंट टू टूच, आणि तिथे तर पाच-पाच गोळ्यांच्याच सिरीज. पंचवीसचं मॅगझिन म्हणजे मज्जा, पाहुणे आले, पोरं आली की टिन कॅन उडवायला, त्यात वाईट काहीच नाही. सराव करायचा असेल तर मात्र माझ्या लक्षात आलं की दहा राउंड संपल्यावर आपसूक थांबणं होतं, श्वास घेतो, टार्गेट बघतो, आणि पंचवीसमध्ये शेवटचे दहा नुसते उडवले जातात.

एक जाता जाता, १०/२२ चा बोल्ट शेवटच्या राउंडनंतर उघडा राहत नाही, मॅगझिन कितीचंही असो. टिक वाजलं म्हणजे रिकामं असं धरू नका, तो फुसकाही असू शकतो. मॅगझिन काढा, बोल्ट ओढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा.

सध्याचा सेटअप असा: बेंचवर बीएक्स-१५, सरावाला बीएक्स-१ चा ढीग, पाहुण्यांना बीएक्स-२५. पुढे एकाच लॉटच्या काडतुसांवर बीएक्स-१ आणि बीएक्स-१५ शेजारी शेजारी चालवून गटात फरक पडतो का ते बघणार आहे, टार्गेटचे फोटो टाकेन. आणि ११० राउंडचा ड्रम (गोल डब्याचं मॅगझिन) घेऊ का असं एकाने विचारलं होतं, त्याला उत्तर, भरायला कोण बसणार ते घरात आधी ठरवून घे.