चोथ्याचा चहा

आमच्या घरात चहाचा एकच कडक नियम. एकदा उकळलेल्या पावडरीवर परत पाणी घालायचं नाही. तो चोथ्याचा चहा, आणि आलेल्या माणसाला चोथ्याचा चहा देणं म्हणजे त्याला ऊठ म्हणण्यासारखंच, असं आईचं मत.

तर मे संपता संपता भाचा तैवानहून आला, शिंचूला चिपच्या कंपनीत असतो, आणि ठाण्याच्या नौपाड्यात आम्ही पंख्याखाली बसूनही बनियन भिजवत असताना ह्यानं आजीला काय आणावं तर चहा. दीडशे ग्रॅमचं पाकीट, हवा काढून विटेसारखं कडक. कुठला रे, विचारलं तर म्हणे आलिशान. आईला वाटलं किंमत सांगतोय. पण ते डोंगराचं नाव निघालं, आणि त्या डोंगरावरही १९१२ सालापासून एक छोटी रेल्वे चढते, म्हणजे आपली १९०७ची नेरळ-माथेरान तिची थोरली बहीणच.

आणि मग व्हायचं ते झालं. भाचा आंघोळीला गेला तेवढ्यात आईनं नेहमीसारखं आधण ठेवून, आलं किसून, दोन चमचे भरून त्या गोळ्या पातेल्यात टाकल्या. गोळ्याच म्हणायच्या, मिरीपेक्षा मोठ्या, वाटाण्याहून लहान, हिरव्याकाळ्या. उकळी आली तशा त्या उलगडायला लागल्या, एकेका गोळीतून देठासकट दोन-तीन अख्खी पानं, पाच मिनिटांत पातेलंभर भाजी. वर दूध. "चहा आहे का अळूचं फदफदं?" आई म्हणाली. चवीला आल्याचं दूध, बाकी काही नाही.

भाचा बाहेर आला आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण पोरगं शहाणं, आजीला काही बोललं नाही, दुसऱ्या दिवशी स्वतः करायला बसलं. झाकणाचा चिनी मातीचा पेला लागतो म्हणाला, तो आमच्याकडे कुठून असणार, शेवटी शोकेसमधल्या टी-सेटचं साखरेचं भांडं काढलं, आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं, तेही बिनसाखरेच्या चहासाठी! पाच-सहा ग्रॅम गोळ्या, सव्वाशे मिली पाणी, अगदी उकळतं. पाऊण-एक मिनिटात सगळं ओतून काढायचं, पाण्यात पानं ठेवून गप्पा मारत बसायचं नाही. तिकडे हजार मीटरच्या वरच्या मळ्यातल्या चहालाच उंच डोंगराचा चहा म्हणतात, आणि आलिशानचे काही मळे दीड हजाराच्या आसपास, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या खांद्यावर. तेवढ्या उंचीवर पाणी पंचाण्णव अंशांनाच उकळतं. म्हणजे खुद्द मळ्यात बसून पिणाऱ्यापेक्षा खाडीकाठच्या आपल्या ठाण्यात पाणी जास्त कडक, उगाच अभिमान वाटला मला.

झाकण उचलून आईच्या नाकापाशी धरलं. ती डोळे मिटून म्हणाली, अनंत. अनंताचं फूल, आणि मागून थोडं तापवलेल्या लोण्यासारखं काहीतरी. यात वरून काही घालत नाहीत बरं का, वास पानातलाच. आधी उन्हात सुकवायचं, मग हलवून हलवून पानाच्या कडा जराशा दुखवायच्या, तिथून वास फुटायला लागतो, मग आच देऊन तो तिथेच थांबवायचा आणि पानं फडक्यात बांधून पुन्हा पुन्हा मळायची की झाली गोळी. चव मात्र डोंगराची. थंडी असते, दुपारनंतर धुकं उतरतं, ऊन कमी, त्यामुळे पान हळू वाढतं आणि कडूपणा फारसा धरत नाही. त्यातून हे एप्रिल-मेच्या खुड्याचं, झाड हिवाळाभर स्वस्थ बसून साठवत राहतं आणि साठवलेला गोडवा पहिल्या पालवीत येतो. आपल्याकडेही चैत्रात पालवी फुटतेच की, पण ती बघायची आणि पन्हं प्यायचं.

पहिला कप मला खरं सांगू तर पाणीच वाटला. फिक्कट पिवळा, गिळल्यावर घशात मागाहून काहीतरी गोडसर. भाच्यानं त्याच पानांवर परत पाणी ओतलं आणि आई ताठ झाली. "अरे, चोथ्याचा देतोस काय मामाला?" तो म्हणाला, आजी, तू पिऊन तर बघ. दुसरा बरा होता. तिसरा मात्र काय सांगू, तोपर्यंत गोळी पूर्ण उलगडलेली असते ना, तिसऱ्यात अनंत, लोणी, गोडवा सगळं एकदम. आईनं बशीत ओतून फुंकर मारून प्यायला, आणि भाच्याला त्याचंही वाईट वाटलं नसावं. चौथा, पाचवा, दर वेळी थोडं जास्त थांबत सहाव्यापर्यंत गेलो, घाम पुसत, आणि मध्ये दोनदा दारावरची बेल वाजली तरी कोणी उठलं नाही.

सातवा अगदीच पाणीदार लागला, तेव्हा मी म्हटलं आता टाका ते मोगऱ्याच्या कुंडीत. आई भांडं घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज उघडला तर पन्ह्याच्या बाटलीशेजारी तेच साखरेचं भांडं, झाकण ठेवलेलं. आत गार पाण्यात पानं. विचारलं तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "रंग येतोय अजून. हात लावू नकोस, दुपारी लागेल मला."