उदास की करमत नाही?

माण तालुक्यातल्या एका ओसरीवर बसून मी प्रश्नावलीतला एक शब्द बदलला. तो चार वर्षांनी अंगाशी आला.

वयस्क लोकांच्या तब्येतीचा सर्व्हे होता. त्याच माणसांकडे काही वर्षांनी परत जायचं, तेच प्रश्न विचारायचे आणि मधल्या काळात काय बदललं ते बघायचं. देशभरातलं असं मोठं काम म्हणजे ‘लासी’. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये त्याची पहिली फेरी केली. ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार धरून ७२ हजारांच्या वर लोक होते त्यात. आमचं काम त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण मनाच्या प्रश्नांसाठी पट्टी तीच, नैराश्य मोजायची सीईएस-डी.

लेनोर रॅडलॉफ यांनी १९७७ साली अमेरिकेत ती प्रसिद्ध केली, तेव्हा २० प्रश्न होते. आम्ही १० प्रश्नांची वापरतो. गेल्या आठवड्यात अमुक किती दिवस वाटलं? जवळजवळ नाहीच, एक-दोन दिवस, तीन-चार दिवस, की पाच ते सात. शून्य ते तीन गुण. एकूण १० किंवा जास्त झाले की नैराश्याची शंका धरायची.

यातले दोन प्रश्न उलटे मोजायचे असतात. आनंदी वाटलं का? पुढच्या दिवसांबद्दल आशा वाटली का? ‘नाहीच’ म्हटलं की थेट तीन गुण. आता आमच्याकडची म्हातारी माणसं ‘मी सुखात आहे’ असं चारचौघांत बोलतील का? नजर लागते. आशेचं विचारलं की, “आता कसली आशा, पिकलं पान आमचं,” असं म्हणून हसतात आणि वर चहा टाकायला सांगतात. हसणाऱ्या माणसाच्या खात्यात सहा गुण आधीच जमा. ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगत नाही, पहिल्या दहा घरांत कळतं.

तर ‘उदास’. टॅबवर प्रश्न होता, ‘गेल्या आठवड्यात तुम्हाला किती वेळा उदास वाटलं?’ इंग्रजीतून मराठीत, मराठीतून परत इंग्रजीत, असा दोनदा गाळून आलेला शब्द. ओसरीवरच्या आजी म्हणाल्या, “उदास म्हंजी कसं?” नियम असा की प्रश्न पुन्हा जसाच्या तसा वाचायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. मी दोनदा वाचला. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी मी म्हणाले, “म्हणजे करमत नाही का?”

“आगं, कुटलं करमतंय! धाकटा गेला की फलटणला.”

मला वाटलं, किल्लीच सापडली. पुढच्या प्रत्येक घरात मी करमण्याचंच विचारलं. उत्तरं धडाधड आली, काम वेळेत संपलं, शाबासकीही मिळाली.

दुसऱ्या फेरीत मी सुपरवायझर होते. टीमला पढवलं होतं, अक्षरही बदलायचं नाही. निम्मं गाव झालं आणि आकडे बघणाऱ्या सरांचा फोन आला, “ताई, तुमचं हे गाव चार वर्षांत एवढं खूश कसं झालं?”

घशाला कोरड पडली. गाव खूश वगैरे काही झालं नव्हतं. मधल्या काळात दोन विहिरी आटल्या होत्या. पहिल्या फेरीतले गुणच माझ्या शब्दानं फुगले होते. करमत नाही हे कुणालाही म्हणता येतं, लेक सासरी गेली तरी आणि टीव्ही बिघडला तरी. शिवाय एकटं वाटण्याचा प्रश्न यादीत वेगळा आहेच, म्हणजे मी एकच दुःख दोनदा मोजलं होतं.

सरांना सगळं सांगितलं. वर असंही सुचवलं, की ‘उदास’ मुळातच अडतो तर आता तरी दुसरा शब्द घेऊ. ते म्हणाले, बाकीच्या गावांचं काय करायचं मग? मला आईची पिठाची वाटी आठवली. शेजारणीला उसनं पीठ ज्या वाटीनं दिलं त्याच चेपलेल्या वाटीनं ती परत घ्यायची. नवी चांगली वाटी आणली असती तर दोघींत भांडण लागलं असतं. माझ्या गावातल्या त्या एका प्रश्नाची उत्तरं तुलनेतून बाजूला काढली. प्रश्नावली तशीच राहिली.

(याच सर्व्हेतली चार मीटर चालायची चाचणी मला त्यामानानं आवडते. तीही तशी सोपी नाही, घरात चार मीटर सरळ जागाच मिळत नाही. आम्ही देवळासमोर टेप अंथरतो. ‘नेहमीच्या चालीनं चाला’ म्हटलं की आजोबा शर्यत लावतात.)

राहिलेल्या घरांत त्या आजींचं घर होतं. मीच गेले. आधी स्मरणशक्तीसाठी दहा शब्द वाचून दाखवले. थोड्या वेळानं विचारल्यावर त्यांना चारच आठवले. मग मनाचे प्रश्न आले. मी टॅबवरचं वाचलं, “गेल्या आठवड्यात तुम्हाला किती वेळा उदास वाटलं?”

आजींनी पदर सावरला. “मागल्या टायमाला तू करमतंय का इचारलं हुतंस. आता उदास म्हंतीस. तुला नक्की काय पायजेल?”

मी प्रश्न पुन्हा वाचला. जसाच्या तसा.