शर्ली बेसिनमध्ये शिंगांचा हिशेब

लॅरमी सोडून रॉक रिव्हरच्या दिशेने निघालं की वायोमिंगमध्ये झाड असं दिसतच नाही. सेजब्रशची राखाडी झुडपं, काटेरी तारा आणि माणसाला तिरकं चालायला लावणारा वारा. वाटेत डायनासोरच्या हाडांसाठी प्रसिद्ध असलेलं कोमो ब्लफ लागतं, पण आमच्या गाडीत कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डेन्व्हरच्या ऑफिसातल्या मित्राचा, म्हाडाच्या घरासाठी लागावा तसा, प्रॉंगहॉर्न या हरणासारख्या दिसणाऱ्या जनावराच्या शिकारीच्या परमिटच्या सोडतीत नंबर लागला होता. मला बंदूक नको म्हटल्यावर हातात दुर्बीण आली.

मेडिसिन बो मागे टाकून ४८७ नंबरच्या रस्त्याने शर्ली बेसिनमध्ये शिरलो, तेव्हा लांबवर पांढरे पुठ्ठे चमकू लागले. ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास पळणारं हे जनावर उडी मात्र सहसा मारत नाही. कुंपण आलं की तारेखालून सरपटत जातं. त्याचे जवळचे नातेवाईक हरणं नव्हेत, जिराफ आणि ओकापी. नान्नजच्या माळावर काळवीट बघत वाढलेल्या मला सगळ्यात नवल वाटलं ते शिंगांचं. काळविटाची पिळदार शिंगं जन्मभराची. प्रॉंगहॉर्न नराची मात्र वरची काळी खोळ दरवर्षी माजाचा हंगाम संपला की गळते, आत हाडाचा खुंट राहतो आणि त्यावर नवी खोळ चढते.

शिकारीनंतर मोजतात ती ही खोळ. मोजण्याची पद्धत शिकाऱ्यांच्या बून अँड क्रॉकेट क्लबची. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये स्थापन केलेला हा क्लब. आजची गुणपद्धत १९५० ची, पण तिच्यामागची भावना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात १९२२ मध्ये शिंगांचा जो राष्ट्रीय संग्रह उघडला, तो जगातून नाहीशा होत चाललेल्या मोठ्या जनावरांच्या स्मरणार्थ होता. पुढे जनावरं सावरली आणि श्रद्धांजलीची वही गुणपत्रिका झाली.

टेकाडावर पोटावर पडून मित्राने मला पहिला धडा दिला. "लांबी बघू नकोस. लांबीवर सगळेच भाळतात." कान साधारण सहा इंचांचा, तीच पट्टी. बाजूने पाहताना फाटा, म्हणजे शिंगाला पुढे फुटलेलं टोक, कानाच्या टोकाच्या वर फुटलेला हवा. डोळा सुमारे दोन इंच रुंद. शिंगाचं बूड त्याहून ठसठशीत रुंद दिसलं तर थांबून बघायचं. टोकं आत वळलेली असतील तर लांबी दिसते त्याहून जास्त भरते.

यामागचं गणित मला कॅस्परमध्ये, एका टॅक्सिडर्मिस्टच्या, म्हणजे मेलेल्या जनावरांत पेंढा भरणाऱ्याच्या, दुकानात कळलं. तिथले मोजणारे आजोबा क्लबचे मान्यताप्राप्त मोजणीदार होते, आणि हे काम ते फुकट करतात. पाव इंच रुंदीची पोलादी फीत त्यांनी शिंगाच्या बाहेरच्या वळणावरून टोकापर्यंत नेली. मग लांब शिंगाच्या लांबीचे चार भाग करून दोन्ही शिंगांवर त्याच अंतरांवर पेन्सिलच्या खुणा केल्या. एक घेर बुडाशी, तीन खुणांवर. शेवटी फाटा: टोकापासून वरच्या कडेने शिंगापर्यंत, आणि तिथून वळसा घालून मागच्या बाजूच्या मध्यापर्यंत. प्रत्येक आकडा इंचाच्या अष्टमांशापर्यंत. या इंचांची बेरीज म्हणजेच गुण. म्हणजे एका शिंगाची सहा मापं, त्यांतले चार घेर, आणि चांगल्या नरात निम्मे गुण हे घेरच देतात. फाटा उंचावर असला की मधला घेर त्याच्या खालच्या जाड भागात येतो. म्हणून चौदा इंची दणकट नर सोळा इंची शिडशिडीत नराला सहज मागे टाकतो. दोन टोकांमधलं अंतर नोंदवतात, पण त्याला गुण नाहीत.

मला खटकलं ते एकच. डाव्या-उजव्या शिंगातला फरक एकूण बेरजेतून वजा होतो. झुंजीत ज्याचा फाटा तुटला, तो या हिशेबात नापासांच्या रांगेत. मी तसं बोलून दाखवलं, तर आजोबा म्हणाले, "नियम मी केलेला नाही, बाळा. मी फक्त फीत धरतो."

क्लबच्या कायमच्या नोंदवहीसाठी किमान ८२ गुण लागतात. विक्रम आहे ९६ ४/८, न्यू मेक्सिकोच्या सोकोरो काउंटीतल्या २०१३ च्या नराचा. कुंपणात कोंडलेल्या जनावराची शिकार क्लब नोंदवत नाही, हे मला आवडलं. तरीही शेवटच्या क्षणी बंदुकीचा आवाज झाला तेव्हा मी दुर्बीण खाली ठेवली होती. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर काळविटावर नेम धरणं हा गुन्हा. त्या हवेत वाढलेल्या माणसाला परवाना, सोडत आणि ठरवून दिलेला कोटा हे सगळं पटलं तरी पचायला वेळ लागतो.

मित्राच्या नराची त्या दिवशीची कच्ची मोजणी ७७ च्या आसपास भरली. अधिकृत माप साठ दिवस सुकवल्यानंतरच, कारण खोळ आकसते. तो म्हणाला, नोंदवहीत जाणार नाहीच, मग दोन महिने वाट कशाला बघायची? त्याने शिंगं गॅरेजमध्ये टांगली. मांस वाया घालवणं वायोमिंगमध्ये गुन्हा आहे, त्यामुळे डेन्व्हरला परतताना मागच्या सीटवर माझ्या बॅगेपेक्षा मोठा आइसबॉक्स होता.