आधी मूठ, मग चूल

अमृतमहोत्सवाचे निमंत्रण मिळाले आणि स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्या, असा समितीचा निरोपही आला. शाळेवर लिहायचे तर विषयांना तोटा नाही, पण कागद पुढे ओढला की बाईंशिवाय दुसरे काही सुचत नाही. आपल्या शाळेत नुसते ‘बाई’ म्हटले की कोणत्या, हे कुणी विचारत नाही, म्हणून नाव लिहीत नाही. बाकीच्या शिक्षकांचे ऋण मोठेच आहे आणि त्यांच्यावर इतर जण लिहितीलच. मला लिहायचे आहे ते बाईंच्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासावर आणि वर्गावर्गांतल्या धान्याच्या डब्यांवर.

आता शिकणाऱ्या मुलांनी ते डबे पाहिलेले नाहीत, म्हणून आधी रीत सांगतो. प्रत्येक वर्गात खिडकीखाली घट्ट झाकणाचा पत्र्याचा तेलाचा डबा, धुऊन कडक उन्हात वाळवलेला. घरी चुलीजवळ तसाच एक छोटा डबा. संध्याकाळी चूल पेटवण्याआधी पोत्यातली एक मूठ ज्वारी त्या छोट्या डब्यात टाकायची आणि आठवड्याच्या सात मुठी शुक्रवारी पिशवीतून शाळेत आणायच्या. मोठ्या माणसाच्या मुठीत साधारण ४० ग्रॅम ज्वारी मावते. म्हणजे घराला आठवड्याला पाव किलोहून थोडी जास्त, महिन्याला सव्वा किलोच्या आत. वर्गातल्या तीस जणांनी आणली तर आठवड्याचे आठ-साडेआठ किलो त्या डब्यात सहज मावत आणि महिन्याला वर्गामागे ३५ किलोच्या आसपास धान्य जमे. एका किलोच्या दहा-बारा भाकरी धरल्या, तर साडेतीनशेवर भाकरी झाल्या. हा हिशेब बाई फळ्यावर मांडून घेत, तोही गणिताच्या नव्हे, शास्त्राच्या तासाला.

पीठ चालत नसे. पावसाळ्यात पिठाला लवकर जाळी धरते, कडवटपणा येतो, आणि कुणाच्या घरचे कधी दळलेले हे कळायला मार्ग नसतो. धान्य निवडता येते, उन्हात घालता येते, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून महिनाभर ठेवता येते. बाजरी घेत, पण निराळ्या पिशवीत, कारण तिचे पीठ लगेच खवट होते आणि घेणाऱ्याला दळण थोडे-थोडेच काढावे लागते.

पण बाईंचा सगळा भर एका गोष्टीवर होता: मूठ चुलीच्या आधी निघाली पाहिजे. जेवणे उरकल्यावर उरलेल्यातून द्यायचे ठरवले तर उरत काहीच नाही. त्यात घरच्यांचा कद्रूपणा नसतो, भूक उरल्यासुरल्याचाही फडशा पाडते इतकेच. आधी मूठ काढली की घर राहिलेल्यात भागवते, आणि एक मूठ कमी पडली म्हणून कुणी उपाशी झोपत नाही. प्रथमफळाचा नियम बाई असाच समजावत. पेरणीला बी आणि वर्षाला धान्य पुरेल की नाही हे कळण्याआधीच पहिली पेंढी काढून द्यायची, म्हणजे देणाऱ्याला देवावर भिस्त ठेवणे भागच पडते. सुगी घरात आल्यावर दिले तर ते दान होते, पण त्यात भरवसा ठेवायला जागाच उरत नाही, असे त्या म्हणत. मला तरी ‘देवावर भरवसा’ या शब्दांचा याहून नेमका खुलासा पुढे कुठल्याही व्यासपीठावरून ऐकायला मिळाला नाही.

बोर्डिंगच्या मुलांकडे ना चूल, ना पोते. त्यांनी काय द्यायचे, असा प्रश्न दरवर्षी निघे. बाईंनी त्यांना शनिवारचे निवडण दिले होते. सगळ्या वर्गांचे डबे व्हरांड्यात रिकामे होत, मुले खडे-माती वेचत, मुली पाखडत. करिंथकरांस दुसरे पत्र, आठवा अध्याय: माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नव्हे. हे वचन बाई बोर्डिंगच्या मुलांना वाचून दाखवत नसत. शेताभाताच्या घरच्या मुलांना दाखवत.

धान्य जाई ते ठरलेल्या घरी, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, आणि नेणारा मुलगा त्या घरातल्या मुलाच्या वर्गातला कधीच नसे. शाळेच्या शिक्क्याच्या थैलीत धान्य जात नसे. आदल्या दिवशी त्याच घरची पिशवी मागवून घेत, म्हणजे रस्त्याने पाहणाऱ्याला वाटावे की पोरगा दुकानातून येतो आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला डाव्या हाताला न कळणारा उजवा हात आमच्यापैकी बहुतेकांना पाठ होता. तो कसा राबवायचा हे बाईंनी पिशवीच्या या युक्तीतून शिकवले. आणखी एक गोष्ट अशी की, ज्या घरी धान्य जाई त्या घरालाही बाई मुठीचा छोटा डबा देत. सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ आणि कुपीत थोडेसे तेल एवढेच होते, तरी एलीया संदेष्ट्याने आधी तिच्याकडेच भाकर मागितली. घेणाऱ्याला नुसते घेणाराच ठेवले तर त्याची मान खाली जाते, असे बाईंचे ठाम मत होते. त्या घरांतून येणारी ज्वारी थोडी असे, पण येई.

एका वर्षीची गोष्ट जुन्यांना आठवत असेल. गणपतीनंतरचे दिवस होते. एका वर्गाच्या डब्यात खरिपाची हायब्रीड ज्वारी आली, पावसात सापडून काळी पडलेली, वर सोंडे झालेले. झाकण उघडले तर डब्याच्या कडेने किडे वर चढत होते. घेणाऱ्याला काय, तो चाळून घेईल, असे कुणीतरी म्हणाले. बाईंनी तो डबा टेबलावर वर्तमानपत्र पसरून ओतला. आधी मोठ्या छिद्रांच्या चाळणीने, मग बारीक चाळणीने स्वतः चाळला. किडे आणि भुसा एकीकडे, पोकळ झालेले दाणे दुसरीकडे, धड दाणे तिसरीकडे. पोकळ दाणा दोन बोटांत चुरला तर त्याचे पीठ होते, हे प्रत्येकाला जवळ बोलावून दाखवले. धड दाणे अर्ध्याहूनही कमी निघाले. मग मलाखीचा पहिला अध्याय उघडायला सांगितला. लोक आंधळे, लंगडे, रोगी पशू वेदीवर आणतात, आणि संदेष्टा विचारतो की हेच तुझ्या सुभेदाराला नेऊन दे बरे, तो प्रसन्न होईल का? बाई म्हणाल्या, “पोरांनो, जे आपल्या चुलीवर चढणार नाही, ते या डब्यात पडायचे नाही.” ज्वारी कुणाच्या घरची, हे त्यांनी विचारले नाही आणि कुणाला विचारूही दिले नाही. धड दाणे डब्यात परत गेले, पोकळ कोंबड्यांना. त्या वर्षापासून पावसाळ्याचे चार महिने डबा आठवड्याऐवजी दर तीन दिवसांनी रिकामा होऊ लागला.

भरवसा म्हणजे हात जोडून बसणे, असा समज नगर जिल्ह्यासारख्या पर्जन्यछायेच्या भागात कुणाचा होणे कठीण. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, सुकडीवर दिवस काढले, त्यांना ‘उद्याची चिंता करू नका’ हे वचन कसे सांगायचे? बाई ते मान्नाच्या, म्हणजे रानात इस्राएल लोकांना रोज आकाशातून मिळालेल्या अन्नाच्या, गोष्टीने सांगत. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात माणशी एक ओमर (हे त्या काळचे एक माप) मान्ना गोळा करायची आज्ञा आहे. ज्यांनी तो सकाळपर्यंत ठेवला त्याला किडे पडले, दुर्गंधी सुटली. पण सहाव्या दिवशी दोन ओमर गोळा करायला सांगितले, आणि तो साठा नासला नाही. मुलांची घाई असे की साठवणे हेच पाप. बाई लगेच योसेफाकडे नेत. त्याने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात घातला आणि दुष्काळात मिसर देश जगवला. लूकच्या बाराव्या अध्यायातल्या श्रीमंतानेही मोठी कोठारेच बांधायचे ठरवले, पण स्वतःच्या जिवासाठी. साठा किती यापेक्षा तो कुणासाठी, हे पाहा, एवढे सांगून त्या पुढच्या ओळीवर जात.

केडगाव आपल्यापासून लांब नाही, दौंड ओलांडले की आलेच. पंडिता रमाबाईंवर बाई तास-तास बोलत. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेली. भूक काय असते हे त्यांना ठाऊक होते. १८८७ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेला दहा वर्षे मदत करायचे कबूल केले होते. ती मुदत संपत आली की शाळा स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली. नेमका तेव्हाच १८९६-९७ चा दुष्काळ आला. हात आखडण्याऐवजी त्यांनी मध्य प्रांतातून तीनशेच्या आसपास मुली आणल्या. १९०० पर्यंत मुक्तीमध्ये, म्हणजे केडगावच्या त्यांच्या आश्रमात, दीड हजार माणसे होती आणि गुरे शंभरावर. बाई या गोष्टीतला चमत्काराचा भाग थोडक्यात सांगत आणि विहिरी, माग, छापखाना, गोठा यांवर रेंगाळत. झाडे लावणारी आणि गुडघे टेकणारी बाई एकच होती, हे मुलांच्या मनावर ठसावे म्हणून.

रमाबाईंनी ज्यांचे चरित्र वाचले त्या जॉर्ज म्युलरांचेही तसेच. ब्रिस्टलमध्ये १८३६ साली भाड्याच्या घरात सुरू झालेले अनाथगृह १८७० पर्यंत अ‍ॅशली डाउनवरच्या पाच इमारतींत दोन हजारांवर मुलांचे झाले. माणसांकडे मागायचे नाही, उधार घ्यायचे नाही, आलेला प्रत्येक पेनी लिहायचा आणि हिशेब छापून लोकांपुढे ठेवायचा, हे त्यांचे नियम. यातून बाईंनी दोन नियम उचलले होते, आणि दोन्ही आज फार आठवतात.

पहिला: चारचौघांत प्रार्थना करताना रकमेचा आकडा उच्चारायचा नाही. ‘प्रभू, छपराला वीस हजार लागतात हे तुला माहीत आहे’ असे ऐपतदार माणसांच्या देखत म्हटले की ती प्रार्थना राहत नाही, ती मागणी होते, आणि ज्याच्याकडे मागितले त्याला नाही म्हणायची सोयही उरत नाही. आकडा बंद खोलीत सांगावा. दुसरा: कर्ज काढून दान द्यायचे नाही. सोसायटीचे हप्ते थकलेल्या घराने सुगीच्या सणाच्या लिलावात भोपळ्याला मोठी बोली बोलायची आणि पैसे पुढच्या सुगीपर्यंत वहीत येणे राहायचे, हे मंडळ्यांतून, म्हणजे गावोगावच्या चर्चमधून, सर्रास होते. त्या घराने देणे फिटेपर्यंत मूठ द्यावी, श्रम द्यावेत. बोली बोलू नये. घरात स्वयंपाक कोण करते, तिला विचारल्याशिवाय काही देऊ नये, हेही बाई मुलग्यांना मुद्दाम सांगत.

आज मंडळीच्या खजिन्याचे काम पाहताना बाईंच्याच रीतीवर मी चालतो. अर्पणाची थैली दोघांनी मिळून उघडायची, मोजणी त्याच दिवशी, वहीवर दोघांच्या सह्या, पेटीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या घरांत. क्यूआर कोड आला, बरे झाले. हिशेब स्वच्छ राहतो. पण त्याबरोबर देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरून भिंतीवर लावायची टूम आली आणि शाळेच्या नव्या इमारतीतही ती शिरली, याचे वाईट वाटते. रक्कम कितीही मोठी असो, नाव भिंतीवर गेले की खाली उभ्या राहणाऱ्या गरिबाच्या पोराला आपल्या घरची मूठ लहान वाटू लागते.

म्हणून समितीला विनंती आहे की या अमृतमहोत्सवी वर्षात डबे पुन्हा ठेवावेत. आता घरोघरी गव्हाचे दळण असते, गहूही चालेल. रेशनचा तांदूळ मात्र घेऊ नये, तो ज्याच्या नावावर आला त्याच्याच ताटात जावा. प्लॅस्टिकचे डबे नकोत. जून ते सप्टेंबर डबा दर तीन दिवसांनी रिकामा करावा. बोर्डिंग आता राहिले नाही, तेव्हा निवडणाचे काम आठवी-नववीच्या मुलामुलींकडे आळीपाळीने द्यावे. दोन सुपे आणि दोन चाळण्या लागतील, एक मोठ्या छिद्रांची आणि एक बारीक. त्या मी निमंत्रणाच्या उत्तरासोबत पाठवतो आहे.