माटुंगा: प्लेगमुळे वसलेलं उपनगर, आणि ते पायी कसं बघावं

मध्य रेल्वेच्या बहुतेक प्रवाशांना माटुंगा माहीत असतं ते रविवारच्या 'माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक'मुळे. उरलेल्यांना इडलीमुळे. इडलीवर माझा राग नाही, तिच्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पण दादर टीटीपासून किंग्ज सर्कलपर्यंतचा हा पट्टा कशासाठी आणि कसा आखला हे डोक्यात ठेवून फिरलं, तर इथली साधी बोळही वेगळी दिसते. परवा एका शनिवारी भाचीला घेऊन तो पायी फिरलो. ती आर्किटेक्चरला आहे, त्यामुळे दर चार पावलांवर थांबायची तयारी ठेवूनच निघालो होतो.

फेरी दादर टीटीकडून सुरू करा आणि माटुंगा स्टेशनावर संपवा. उलट केलंत तर सकाळीच पोट भरतं आणि मग पाय उचलत नाहीत. उन्हाळ्यात साडेसातच्या आत पोहोचा. पावसाळ्यात यायचं तर भरतीची वेळ बघून या. किंग्ज सर्कल आणि हिंदमाता ही मुंबईत पाणी तुंबण्याची मानाची ठाणी आहेत.

टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून इथवर धावली. आता डोक्यावर उड्डाणपूल आहे आणि खाली पुण्याच्या गाड्यांवाल्यांच्या आरोळ्या. फार रेंगाळू नका, पूर्वेला हिंदू कॉलनीत शिरा. दोन मिनिटांत आवाज मागे पडतो. इथूनच हे उपनगर सुरू होतं.

थोडं मागे जावं लागेल. 1896 साली मांडवीत प्लेगचे पहिले रुग्ण सापडले आणि बघता बघता अर्धी मुंबई गावाला पळाली. गोदी, गिरण्या, बाजार सगळंच अडलं. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कोणाला पक्कं माहीत नव्हतं. खरं कारण दाटी, अंधार आणि कोंदट हवा, असं सरकारने धरलं. मग 1898 मध्ये कायदा करून मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने एकीकडे जुन्या शहरात वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यातलेच. दुसरीकडे दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथली शेतं, वाड्या आणि गावठाणं ताब्यात घेऊन तिथे नवं उपनगर कागदावर आखलं. माटुंग्यात त्याआधी गाव होतं, काही काळ तोफखान्याची छावणी होती, आणि शहरापासून लांब म्हणून 1890 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आश्रमही काढलेला होता. असल्या ठिकाणी घर बांधायला सुरुवातीला कोण येणार? योजना शतकाच्या वळणावरच्या असल्या, तरी भूखंड खऱ्या अर्थाने भरले ते पहिल्या महायुद्धानंतर.

हिंदू कॉलनीत कुठल्याही दोन जुन्या इमारतींच्या मधल्या जागेत उभं राहून वर बघा. जे. पी. ऑर नावाचे एक अधिकारी या ट्रस्टचे अध्यक्ष होते. त्यांनी 63.5 अंशांचा नियम लावून धरला होता. खोलीच्या भिंतीच्या तळापासून 63.5 अंशात वर रेघ काढली, तर ती समोरच्या इमारतीला न अडता आकाशात गेली पाहिजे. साध्या हिशेबात, समोरची भिंत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा हवी. भाचीने हात तिरका धरून एका गल्लीत हे तपासलं. दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या आजोबांनी "काय मोजताय? रीडेव्हलपमेंटवाले का?" म्हणून हटकलं. इथे वर बघणाऱ्या माणसाबद्दल पहिली शंका आता हीच येते.

त्यांचंही चूक नाही. तळमजला अधिक दोन किंवा तीन मजल्यांच्या इमारतींच्या जागी पोडियमवर पार्किंग आणि वर टॉवर, असं काम ठिकठिकाणी चालू आहे. बाहेरून येऊन 'अरेरे, वारसा गेला' म्हणणं सोपं आहे. गळकी गच्ची, लिफ्ट नसलेला जिना आणि ऐंशीतले गुडघे ज्यांच्या घरात आहेत त्यांनी काय करावं? माझं म्हणणं एवढंच, की टॉवरमधल्या विसाव्या मजल्याला उजेड मिळतो आणि शेजारच्या जुन्या इमारतीचा पहिला मजला दुपारीही दिवा लावून बसतो. नेमकं हे होऊ नये म्हणून तर हा भाग आखला होता.

हिंदू कॉलनीतच राजगृह आहे. कोणालाही विचारा, सांगतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे घर 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला बांधून घेतलं, मुख्यतः पुस्तकांसाठी. इथला संग्रह वाढत वाढत पन्नास हजारांच्या पुढे गेल्याचं सांगतात. रमाबाईंचं निधन याच घरात, 27 मे 1935 रोजी झालं. तळमजल्यावरच्या खोल्या बघता येतात. हे राहतं घर आहे, तेव्हा चपला बाहेर, आवाज खाली, आणि फोटो विचारूनच. 2020 च्या जुलैत इथे तोडफोड झाली होती, म्हणून बंदोबस्ताला कुरकुरू नका. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरच्या आसपास मोठी रीघ असते. निवांत बघायचं तर ते दिवस सोडून या.

राजगृहाआधी बाबासाहेब जवळजवळ दोन दशकं परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांमध्ये राहिले. ती चाळही याच ट्रस्टने बांधलेली. म्हणजे एकाच संस्थेने कामगाराला एक खोली आणि सामाईक नळ दिला, आणि मध्यमवर्गाला झाडांच्या रस्त्यावर भूखंड. प्लेगने सर्वांत जास्त मारले ते पहिल्या गटातले, मोकळी हवा मिळाली दुसऱ्याला. माटुंग्याचं कौतुक करताना ही बाजू बहुतेक लोक गाळतात. वेळ असेल तर त्याच दिवशी परळची चाळही बघून या, टॅक्सीने फार लांब नाही.

पुढे रुईया कॉलेज, 1937 चं. नाक्यावर एकांकिकावाल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची बैठक. शनिवारी सकाळी तिथे कोणी नसतं, सरळ पारशी कॉलनीकडे वळा.

ट्रस्टमध्ये मंचेरजी जोशी नावाचे पारशी इंजिनियर होते. (पारशांत जोशी आडनाव असतं, हे ऐकून भाची उडालीच.) त्यांनी ट्रस्टच्या मागे लागून मध्यमवर्गीय पारशांसाठी 103 भूखंड राखून घेतले. मुंबईतल्या बहुतेक पारशी बागांना कुंपण आणि फाटक असतं, इथे नाही. रस्ते सार्वजनिक, कोणीही फिरावं. फिर्दोसी रोडवर महोगनीच्या रांगा आहेत. ट्रस्टच्या काळात रस्त्यागणिक झाडं ठरवून लावली होती, आणि ती सावली आज अकरा वाजताही चालू देते. बाल्कन्यांचे कठडे, जिन्याच्या उभ्या काचा, दारावर खडूच्या पुडीने काढलेली रांगोळी बघत हळू चाला. एका दारात मावशी छिद्रांचा पत्र्याचा डबा उंबऱ्यावर ठोकत होत्या. ठोकला की माशांची नक्षी उमटायची, की डबा उचलून पुढे. भाचीने "फोटो काढू का?" विचारल्यावर म्हणाल्या, "रांगोळीचा काढ, माझा नको, अजून नाहायची आहे." अग्यारीत पारशांखेरीज कोणाला जाता येत नाही, दारात घुटमळू नका.

फाइव्ह गार्डन्स म्हणजे रस्त्यांनी तोडलेल्या पाच बागा. सकाळी चालणारे, लाफ्टर क्लबवाले, क्रिकेटवाली पोरं. बसायचं तर इथेच बसा, पुढे बसायला जागा मिळते ती पैसे देऊनच.

बागांमागे व्हीजेटीआय हे अभियांत्रिकी कॉलेज आहे. संस्था 1887 ची, या जागेत 1923 पासून. त्याला लागून रसायन तंत्रज्ञानाची 1933 ची संस्था, जिला जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात. आत जायला ओळखपत्र लागतं, कुंपणाबाहेरून बघून पुढे निघा.

किंग्ज सर्कल, म्हणजे आताचं महेश्वरी उद्यान. बागेला वळसा घालून उभ्या इमारतींचे दर्शनी भाग वर्तुळाला धरून वाकलेले आहेत. एका कोपऱ्यावर 1932 पासूनचं कूलार अँड कंपनी हे इराणी हॉटेल आहे. लाकडी खुर्च्या, ब्रून मस्का, आणि बाहेर चहूबाजूंनी हॉर्न. उड्डाणपुलाखाली 2016 पासून नानालाल मेहता उद्यान आहे, नर्मदेच्या वळणांसारखी वाट आखलेलं. पुलाखाली कचरा आणि गाड्या साठण्यापेक्षा हे केव्हाही बरं, पण मुद्दाम बघायला जावं असं नाही. त्याऐवजी जवळचं मरूबाई गावदेवीचं देऊळ बघा. ट्रस्टच्या नकाशाआधीच्या माटुंगा गावाची ही देवी. सरळ रेषांच्या उपनगरात तिची जागा तेवढी जुन्या गावाची राहिली आहे.

सर्कलपासून स्टेशनापर्यंत तेलंग रोड, भांडारकर रोड आणि त्यांच्या गल्ल्या. ट्रस्टला भाडेकरू हवे होते, त्याच सुमाराला मद्रास आणि पालघाटकडून इंग्रजी आणि टंकलेखन येणारी तरुण मंडळी कंपन्या, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीला येत होती. त्यांना स्टेशनजवळ स्वच्छ भाड्याची जागा हवी होती. आधी माणसं आली, मग देव आले. आस्तिक समाज ही देऊळ चालवणारी संस्था 1923 ची. मग शाळा. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी 1932 ची. बायका-मुलं गावाकडे असलेल्यांना जेवण हवं, म्हणून खानावळी. ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चं आहे. 'बोर्डिंग' हे नाव उगाच नाही, ते पर्यटकांसाठी काढलेलं नव्हतं. पुढे कच्छी-गुजराती मंडळी मोठ्या संख्येने आली, आणि आज याच गल्ल्यांत उडिपी हॉटेलाशेजारी फरसाण आणि जैन देरासर नांदतं.

खाण्याचं थोडक्यात. कॅफे मद्रास (1940) उत्तम आहे, पण शनिवार-रविवारी नऊनंतर नाव लिहून फुटपाथवर उभं राहावं लागतं. रसम वडा आणि नीर डोसा घ्या. पोडी इडलीचा गाजावाजा मला जरा जास्तच वाटतो. राम आश्रय (1939) भल्या पहाटे उघडतं. तिथला फळांचा शिरा दिवसागणिक बदलतो, अननसाचा असेल तर सोडू नका. कॉफी वाटी-पेल्यात येते. वाटीत ओतून, परत पेल्यात ओढून, फेस धरला की प्यायची. रामा नायकांकडे जेवायचं तर दुपारी दोनच्या आत जा, पानावरचं जेवण मागा, आणि पानात टाकू नका. तिथे ते चालत नाही. यातली काही ठिकाणं सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार टाळलेला बरा.

घरी न्यायला फिल्टर कॉफीची पूड घ्या, समोर दळून मिळते. चिकोरी किती ते आधी सांगा, नाहीतर ते आपल्या मनाने घालतात. केळीची पानं, कच्ची केळी, कोहळा, मोगऱ्याचे गजरे स्टेशनजवळच्या बाजारात. फुलवाली अजून हातावर मोजते. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. भाचीने हिंदीत भाव विचारला, तर बाई म्हणाल्या, "मराठीत बोल की गं, मी इथलीच." आणि मागच्या माणसाशी लगेच तमिळमध्ये भांडायला लागल्या. भाव केला तर हात आखूड होतो, करू नका.

गणपतीत किंग्ज सर्कलला जीएसबी सेवा मंडळाचा पाच दिवसांचा गणपती असतो, सोन्यासाठी गाजलेला. दर्शनाला यायचं तर जरूर या, पण त्या दिवसांत ही फेरी जमणार नाही. रस्ते बंद असतात.

परतताना लक्षात ठेवा: माटुंगा मध्य रेल्वेवर, आणि फक्त धिम्या गाड्या थांबतात. 2017 पासून या स्थानकाचं सगळं काम महिला कर्मचारी सांभाळतात. पश्चिम रेल्वेला जायचं तर झेड ब्रिज या पादचारी पुलावरून पलीकडे माटुंगा रोडला उतरा, जिने चढायची तयारी हवी. हार्बरवाल्यांना किंग्ज सर्कल स्टेशन सोयीचं, पण तिथे गाड्या कमी, वेळापत्रक बघून निघा. रविवारी आलात तर आदल्या रात्री मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघा. धिम्या मार्गावर असेल तर सरळ दादरला चालत जाऊन गाडी पकडलेली परवडते.